एका भुताचे मरण

जुन्या चित्रपटांतील आणि चित्रकथांतील लोकप्रिय पात्रे दर वीस-पंचवीस वर्षांनी नव्या पिढीसाठी पुन्हा उभी करावयाची, हा अमेरिकेतील करमणुकीच्या धंद्याचा आता एक कुळाचारच होऊन बसला आहे. आणि उंदीर, बदक, मांजर, खलाशी यांच्या बाबतीत तो पार पाडताना फारशी अडचण येत नाही, कारण उंदराला नवे कपडे चढविले आणि खलाश्याच्या तोंडची चिलीम काढून घेतली की काम भागते. परंतु ज्याचे पुनरुज्जीवन करावयाचे ते पात्र मुळातच मृत असेल, तर प्रकरण इतके सरळ राहत नाही. कॅस्पर या मायाळू बालभुताला गेल्या ऐंशी वर्षांत कित्येकांनी कित्येकदा उठवून पडद्यावर आणले, आणि अजूनही त्याला उठविण्याच्या योजना अधूनमधून कानांवर येत असतात. आणि ज्यांनी ज्यांनी हे काम हाती घेतले त्यांना, इच्छा असो वा नसो, एका प्रश्नाचा निवाडा करावाच लागला, की हे मूल पूर्वी जिवंत होते काय, आणि असल्यास ते मेले कसे? प्रश्न दिसतो पटकथाकाराचा. पण त्याची मुळे धर्मशास्त्रात आणि तत्त्वज्ञानात इतकी खोल गेलेली आहेत, की बालवाहिनीच्या कचेरीत बसून त्याचा निकाल लावणारी मंडळी आपण कोणत्या दप्तराला हात घालीत आहोत याची कल्पनाही बाळगीत नसावीत.

कॅस्परची मूळ कथा सेमूर राइट यांची आणि आकृती जो ओरिओलो यांची. दोघांनी मुलांच्या पुस्तकासाठी ती रचली होती, परंतु पुस्तक निघण्यापूर्वीच तिचे हक्क किरकोळ रकमेत पॅरामाउंटच्या ‘फेमस स्टुडिओज’कडे गेले आणि 1945 च्या नोव्हेंबरात पहिले चलच्चित्र प्रदर्शित झाले. त्यात घरातील इतर भुते रात्री लोकांना घाबरविण्यासाठी बाहेर पडतात, तेव्हा हे एकटे भूत डेल कार्नेगी यांचे मित्र कसे जोडावेत याविषयीचे पुस्तक वाचीत बसलेले असते, आणि पुढे मैत्रीच्या शोधात घराबाहेर पडते; कोंबडा पळतो, चिचुंद्री पळते, उंदीर पळतात, आणि अखेर निराश होऊन ते आगगाडीच्या रुळांवर आडवे होते. गाडी येते, अंगावरून निघून जाते आणि त्याला काहीही होत नाही. मृताने आत्महत्येचा प्रयत्न करावा, यातील विनोद मोठ्यांना चटकन कळतो. पण त्या काही क्षणांत जे घडते ते विनोदापुरते नाही. आत्म्याला शस्त्र छेदू शकत नाही आणि अग्नी जाळू शकत नाही, हे कुरुक्षेत्रावर अर्जुनाला सांगितले गेले ते सांत्वन म्हणून. येथे तेच तत्त्व एका पोराच्या वाट्याला शिक्षा म्हणून आले आहे. अविनाशी असणे ही जर सर्वोच्च अवस्था असेल, तर अविनाशी आणि एकाकी असणे ही कोणती अवस्था, असा प्रश्न कोणत्याही भाष्यकाराने मला ठाऊक असलेल्या ग्रंथांत याच शब्दांत विचारलेला नाही. तो विचारला चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी दाखविण्याच्या सात-आठ मिनिटांच्या एका चित्राने. पुढे त्याला बॉनी आणि जॉनी ही दोन मुले भेटतात, घराच्या गहाणवटीसाठी तगादा लावणारा धनको भुताला पाहून गहाणखत फाडून पळ काढतो, आणि प्रथम घाबरलेली मुलांची आई शेवटी कॅस्परला कपडे घालून, त्याचे चुंबन घेऊन, आपल्या दोन्ही मुलांबरोबर शाळेत पाठविते. मृत मुलाला शाळेत धाडण्याच्या या प्रसंगाकडे मी अनेकदा परत गेलो आहे. त्या आईने कसलाही विधी केला नाही, मांत्रिक बोलाविला नाही की प्रार्थना म्हटली नाही. तिने त्याला सदरा घातला.

हे असे का घडू शकले, हे समजण्यासाठी युरोपातील भुताचा धार्मिक इतिहास थोडा उलगडावा लागतो. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात, विषाचा पेला येण्याची वाट पाहत बसलेला सॉक्रेटिस सांगतो की जे जीव देहावर अति आसक्त राहिले ते देहाचा जडपणा बरोबर घेऊन निघतात, आणि म्हणूनच ते थडग्यांच्या आसपास रेंगाळताना छायारूपाने लोकांच्या दृष्टीस पडतात. त्याच संवादात त्याचा एक सोबती हसत हसत कबूल करतो की आमच्यापैकी प्रत्येकाच्या आत एक मूल दडलेले आहे आणि ते मरणाला बागुलबुवासारखे भिते. त्या मुलावर रोज मंत्र घालीत राहावे, असा सल्ला सॉक्रेटिस देतो. बाल, बागुलबुवा आणि मृत्यू यांची सांगड अशी फार जुनी आहे. पुढे ख्रिस्ती मध्ययुगात भुताला कायदेशीर पत्ता मिळाला: स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या, पापक्षालनाच्या लोकातून ते येते, आप्तांकडे प्रार्थनांची याचना करते, आणि त्या लाभल्या की पुढच्या प्रवासाला निघते. सोळाव्या शतकात सुधारकांनी हा मधला लोकच रद्दबातल ठरविला, आणि त्याबरोबर भुताचे वतन खालसा झाले. झुरिकच्या लुडविग लाव्हाटरने 1569 साली भुतांवर ग्रंथ लिहून प्रतिपादिले की जे दिसते ते मृताचा जीव नव्हेच. ते सैतानाचे सोंग असेल, क्वचित देवदूताचे असेल, आणि बहुधा पाहणाऱ्याचा भ्रम असेल. हॅम्लेटचा सारा पेच याच संधिकाळातला आहे: बापाचे भूत जुन्या धर्माच्या अग्नीतून येते आणि मुलगा शिकलेला असतो ल्यूथरच्या विटेनबर्गमध्ये. अशा रीतीने प्रोटेस्टंट मुलखात भुताची स्थिती, सातबाऱ्यावरून नाव कमी झाले तरी जमिनीचा ताबा न सोडणाऱ्या कुळासारखी झाली; शास्त्रात त्याला जागा उरली नाही आणि माडीवरून ते हलले नाही. कॅस्पर या बेदखल भुतांचा वंशज आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी नाही, कारण प्रार्थनेने तो जाईल असा लोकच शिल्लक नाही. मग त्याने आकाशाकडे पाहणे सोडून शेजाऱ्याकडे पाहावे आणि बायबल बाजूला ठेवून कार्नेगी वाचावे, हे त्याच्या परिस्थितीला धरूनच झाले.

आपल्याकडील कल्पनेशी हे ताडून पाहिले तर अंतर किती आहे ते ध्यानात येते. गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताचा सूक्ष्म देह घडत जातो असे सविस्तर सांगितले आहे: पहिल्या पिंडाने मस्तक, दुसऱ्याने मान व खांदे, तिसऱ्याने हृदय, आणि असे करीत नवव्याने पाय, दहाव्या दिवशी मात्र अवयव मिळत नाही, मिळते ती तहान आणि भूक. देह पुरा झाला याची खूण म्हणजे भूक लागणे, हा त्या व्यवस्थेचा अत्यंत मार्मिक भाग आहे. आणि योगायोगाची गोष्ट अशी की लूकच्या शुभवर्तमानातही पुन्हा उठलेला येशू, आपण भूत नाही हे भेदरलेल्या शिष्यांना पटविण्यासाठी, हातपाय दाखवून झाल्यावर शेवटी खाण्यास काही आहे काय असे विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्या देखत खातो. 1995 च्या चित्रपटात कॅस्परचे तिघे काका न्याहारीला बसतात तेव्हा अधाशीपणाने गिळलेला प्रत्येक घास त्यांच्या देहातून तसाच खाली फरशीवर पडतो. पटकथा लिहिणाऱ्यांनी पुराण वाचले नसणार, शुभवर्तमान वाचले असल्यास ते त्या वेळी आठवलेही नसेल. तरी तीन ठिकाणी एकाच जागेवर बोट ठेवले गेले आहे, की अन्न ज्याच्यात ठरते तो या बाजूचा. मात्र आपल्या प्रेताची भूक ही वाटेतली भूक आहे. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते, प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळले जातात, आणि ज्याला काल प्रेत म्हणत होते तो आज पितर होतो. प्रेतत्व ही मुक्कामाची जागा नव्हे. तेथे कोणी फार काळ राहिला तर चूक जिवंतांची, क्रिया करणाऱ्यांची. आणि आपल्या गोष्टींतील भूत जे मागते ते गती मागते. कॅस्परने आजवर कोणाकडेही गती मागितलेली नाही.

पण इतकेच म्हणून थांबलो तर आपल्या शास्त्राची बाजू सोयीस्करपणे मांडल्यासारखे होईल. लहान मुलांच्या बाबतीत ही रेखीव व्यवस्था चटकन आखडते. दोन वर्षांच्या आतले मूल गेले तर मनुस्मृतीप्रमाणे त्याला अग्नी नाही आणि उदकही नाही; ते गावाबाहेर पुरावयाचे. ज्याचा संस्कारच झाला नाही त्याच्यासाठी पितरांच्या पंगतीत पाटही नाही. म्हणूनच की काय, लोकसमजुतीने शास्त्राची ही फट आपल्या परीने भरून काढली, आणि मुंज झाली पण सोडमुंज व लग्न होण्यापूर्वी वारला तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसला. एका संस्काराच्या पुढे आणि दुसऱ्याच्या मागे अडकलेले हे पोर आणि आगगाडीच्या रुळांवर पडलेले ते पोर यांची जात एक नव्हे, परंतु व्यथा एक आहे: मोठ्यांनी मरणाचा जो कारभार मांडला त्यात मुलांचे मरण कोणत्या खात्यावर टाकावे, हे कोणालाच नीट सुचलेले नाही.

कॅस्परच्या निर्मात्यांनाही ते सुचले नाही, आणि त्यांची धांदल पाहण्यासारखी आहे. 1948 च्या दुसऱ्या चित्रात कॅस्पर स्मशानात आपल्या थडग्याच्या दगडापाशी राहताना दिसतो, आणि त्या दगडावर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची बायबलमधील आज्ञा कोरलेली आहे. म्हणजे तो मेलेला आहे, पुरलेला आहे आणि त्याचा दगडही आहे. याच चित्रात त्याची फर्डी नावाच्या कोल्ह्याच्या पिलाशी मैत्री होते. शिकारी कुत्री घेऊन येतात, पिलू मारले जाते, कॅस्पर हंबरडा फोडतो, त्याला आपल्या थडग्याशेजारी पुरतो, आणि थोड्याच वेळात पिलाचे भूत उठून त्याला चाटू लागते. पशूंना आत्मा आहे की नाही, या प्रश्नावर ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतके शाई खर्च केली. येथे तो अर्ध्या मिनिटात निकालात निघाला. पण एवढे स्पष्ट मरण मुलांच्या चित्रात पुढे कोणालाच सोसले नाही. 1949 साली सेंट जॉन या प्रकाशकाने कॅस्परच्या चित्रकथा काढल्या, 1952 पासून त्या हार्वे कॉमिक्सकडे आल्या, आणि 1954 च्या ऑक्टोबरात भयकथांच्या विरोधात उठलेल्या ओरडीमुळे अमेरिकेतील प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, तिच्यात चालती प्रेते, रक्तपिपासू आणि लांडगामानव यांना मज्जाव झाला. भुताचे नाव त्या यादीत नव्हते. पण वारे कोणीकडचे आहे हे हार्वेच्या मंडळींनी ओळखले होते. त्यांनी थडगे काढून टाकले आणि त्या जागी एक वंशावळ आणून बसविली: कॅस्पर भूत आहे कारण त्याचे आईबाप विवाहसमयी भूतच होते. या एका वाक्याने भूत ही अवस्था न राहता जात झाली. जसे कुत्रे कुत्र्याच्या पोटी जन्मते तसे भूत भुताच्या पोटी जन्मते, आणि जे जन्मतःच भूत आहे त्याने काही गमावलेले नाही. त्या चित्रकथांचा भुतांचा रम्य गाव, तेथली वेंडी नावाची भली चेटकीण, हे सर्व मला आवडते. त्यात कारागिरी आहे. पण तो गाव परीकथेचा आहे, आणि ज्याने काही गमावलेले नाही त्याच्या मायाळूपणाला स्वभावाची किंमत आहे, त्यापलीकडची नाही.

या मालमत्तेवरून झालेल्या एका खटल्याची गंमत येथे नोंदवून ठेवावीशी वाटते. ‘घोस्टबस्टर्स’ या 1984 च्या चित्रपटाच्या बोधचिन्हातील जाडे भूत आमच्या कॅस्परच्या काकासारखे आहे, अशी फिर्याद हार्वेने कोलंबिया कंपनीविरुद्ध गुदरली. 1986 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ती फेटाळली. आरंभीच्या अंकांचे हक्क मुदतीत नूतनीकृत केलेले नव्हते हे एक कारण, आणि दुसरे असे की व्यंगचित्रातील भुताची आकृती काढण्याचे मार्गच मुळी मोजके आहेत. देह गेला की व्यक्तीव्यक्तींतील फरक पुसला जातो, असे वेदान्ती म्हणतात; न्यायाधीशांनी तेच निराळ्या मार्गाने ठरविले.

दरम्यान कॅस्पर दूरचित्रवाणीवर गेला होता. 1959 साली एबीसी वाहिनीवर जुनी चित्रे दाखविण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला त्याचा पुरस्कर्ता मॅटेल हा खेळणी करणारा कारखाना होता. 1963 साली त्याच वाहिनीसाठी नवी चित्रे तयार झाली. ओरिओलो यांनी तोपर्यंत फेलिक्स या दुसऱ्याच कोणाच्या जुन्या मांजराला जादूची पिशवी देऊन दूरचित्रवाणीवर नव्याने उभे केले होते. स्वतःचे भूत विकून बसलेल्या माणसाने परक्या मांजरात प्राण फुंकावा, हा धंद्याचा न्याय झाला. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते खेळण्यांकडे. कठोपनिषदातील नचिकेत हा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहून तिसऱ्या वराने एवढेच विचारतो, की माणूस गेल्यानंतर तो असतो असे काही म्हणतात आणि नसतो असे काही म्हणतात, तेव्हा खरे काय? यम आधी उत्तर देत नाही. तो मुलाला हत्ती, घोडे, सोने, रथ, वाद्ये घेतलेल्या अप्सरा आणि हवे तितके आयुष्य देऊ करतो, आणि म्हणतो की मरणाविषयी तेवढे विचारू नकोस. नचिकेताने ते नाकारले म्हणून उपनिषद पुढे चालू झाले. बालवाहिन्यांनी यमाची ही पहिली खेळी उचलली आणि तेथेच थांबल्या. समोर एक मेलेले मूल उभे आहे, ते पाहणारे मूल स्वाभाविकपणे विचारणार की हा कसा मेला; आणि त्याला उत्तर म्हणून एक बाहुले, एक मुखवटा आणि पुढच्या शनिवारचा भाग देऊ केला जातो. नचिकेताचे वय फार नसावे. प्रश्न विचारण्याची त्याची योग्यता वयावर ठरलेली नव्हती, हे मात्र ग्रंथाने स्पष्ट केले आहे.

जाता जाता एक विलक्षण योग सांगितल्यावाचून राहवत नाही. 1972 च्या एप्रिलमध्ये अपोलो 16 ची जी मोहीम चंद्रावर गेली तिच्या मुख्य यानाचे नाव ‘कॅस्पर’ होते. पांढऱ्या ढगळ पोषाखातले अंतराळवीर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर या भुतासारखे दिसतात, हे त्या नावामागचे कारण. छांदोग्य उपनिषदाने सांगितलेला पितृयाण मार्ग धूम, रात्र, कृष्णपक्ष असे टप्पे ओलांडीत अखेर चंद्रावर पोहोचतो. ज्याला गती मिळाली नाही त्याचे निदान नाव तरी त्या मार्गाने जाऊन, चंद्राला प्रदक्षिणा घालून परत आले. आणि परत येणे हा देखील त्या मार्गाचा शास्त्रोक्त नियमच आहे.

ज्या एका पुनरुज्जीवनात मरणाला तोंड दिले गेले ते 1995 चे, ब्रॅड सिल्बरलिंग दिग्दर्शित चित्रपटाचे. प्रमुख पात्र संपूर्णपणे संगणकाने रेखाटलेला तो पहिला मोठा चित्रपट म्हणून त्याची कीर्ती आहे, आणि त्यात आरडाओरडा व धसमुसळेपणा नको तितका आहे. परंतु त्याच्या पोटात एक गंभीर कथा आहे. कॅस्परला आपण जिवंत असतानाचे काही आठवत नाही. कॅट नावाची मुलगी माळ्यावर त्याच्या जुन्या वस्तू उघडते, बर्फावरची घसरगाडी हाती लागते, आणि त्याला आठवू लागते की नवी गाडी मिळाल्याच्या आनंदात तो काळोख पडेपर्यंत बाहेर खेळत राहिला, घरात येण्यास विसरला, थंडी बाधली, न्युमोनिया झाला. एवढेच. कोणाचा शाप नाही, कोणाचा खून नाही. खेळता खेळता मूल गेले, जशी त्या काळी असंख्य घरांत जात असत. बापाने मृताला जिवंत करणारे यंत्र रचले, त्याला लाझारसाचे नाव दिले, आणि सरकारने त्याला वेडा ठरविले. यंत्रात एकालाच पुरेल इतके द्रव्य उरलेले असते, आणि ते वापरण्याची वेळ येते तेव्हा नुकताच मेलेला कॅटचा बाप समोर असतो. कॅस्पर आपला हक्क त्याला देऊन टाकतो. याच चित्रपटात भुतांची मीमांसाही आहे: ज्याचे काही राहून गेले तो रेंगाळतो. कॅटचा बाप मेलेल्या पत्नीला गाठण्यासाठी गावोगावची झपाटलेली घरे धुंडाळीत असतो, आणि अखेर ती क्षणभर येते ती हे सांगण्यासाठी की तिचे काहीच राहिलेले नाही, म्हणून ती भूत झालीच नाही; राहिले आहे ते त्याचे. वासनेचा दोर मृताच्या हातात नसून जिवंताच्या हातात असतो, हे श्राद्धकल्पालाही मान्य व्हावे असे मत हॉलिवुडातून यावे, याचे मला आश्चर्य वाटले. कॅस्परला त्याच्या त्यागाचे फळ म्हणून रात्री दहापर्यंत मनुष्यदेह मिळतो, एक नृत्य मिळते, आणि दहाच्या ठोक्याला तो पुन्हा भूत होतो.

आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मृतांना विचारणा करू नये, ही अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञा प्रमाण मानणारी कुटुंबे अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांना भुताची मैत्री हा पोरखेळ वाटत नाही. त्यांच्याशी माझा वाद नाही. आपले शास्त्र ते प्रामाणिकपणे चालवितात. मला अधिक अडविते ती दुसरी शंका: ज्या घरातून नुकताच एखादा भाऊ किंवा बहीण गेली आहे, त्या घरातील पाचसहा वर्षांच्या मुलाने ही चित्रे पाहिली आणि रात्री खिडकीशी वाट पाहत बसले, तर त्याला काय सांगावे? फर्डीच्या कथेवर माझा आक्षेप नेमका याच ठिकाणी आहे. तेथे शोकाला अर्धे मिनिटही पुरे मिळत नाही. पिलू गेले म्हणेपर्यंत परत येते, आणि मरण म्हणजे रंग पांढरा होणे एवढेच, असा अर्थ लहान मुलाच्या मनात राहतो. उलट 1995 च्या चित्रपटात आई परत राहावयास येत नाही. ती न येणे हेच तिच्या प्रेमाचे प्रमाण ठरते. कॅस्पर हा तेथे नियम नसून अपवाद आहे, आणि आपण अपवाद आहोत हे त्याला कळते. मृत मुलाला मुलांच्या भेटीस आणावयाचे असेल तर निदान इतकी सत्यनिष्ठा त्या भेटीत असावी, असे माझे मत आहे. मरण पुसून टाकण्यापेक्षा ते मान्य करून मैत्री सांगणे कठीण असले तरी त्यात मुलाची फसवणूक कमी होते.

पुढे झाले ते मात्र उलट दिशेने. 2006 साली कॅस्परला घाबरविण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळेत घालण्यात आले, आणि 2009 पासून त्याच कल्पनेची मालिका आली, जिच्या निर्मितीत फ्रान्स व अमेरिकेबरोबर हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटचाही वाटा होता. तेथे राक्षसांची मुले आहेत, मुख्याध्यापक आहेत, परीक्षा आहेत. हुशार आणि चपळ काम आहे, फक्त मरणारे कोणी नाही आणि मेलेलेही कोणी नाही. हार्वेची वंशावळ पुन्हा लागू झाली. या शाळेत कॅस्परऐवजी एखादा भित्रा ड्रॅगन घातला असता तरी एकाही भागाचे कथानक बदलावे लागले नसते, आणि पुनरुज्जीवन फसल्याची याहून नेमकी कसोटी मला सांगता येणार नाही.

आता जे कोणी हे काम नव्याने घेतील त्यांच्यापुढे एक सोय आयती आहे. 1995 च्या त्या कथेतील कॅट आज चाळिशी ओलांडलेली स्त्री असेल, आणि तिला मुले असल्यास ती साधारण कॅस्परच्याच वयाची असतील. तो अद्याप बारा वर्षांचा आहे. मेन राज्यातील त्या जुन्या घरात ती मुलांना घेऊन गेली, आणि जेवणाच्या वेळी मुलाने विचारले की हा तुझा मित्र तुझ्याएवढा का नाही, तर तिला घसरगाडीपासून सारे सांगावे लागेल. आणि सांगून झाल्यावर मूल विचारील की मग आजी का नाही आली. पहिला भाग येथपर्यंत यावा. दुसऱ्या भागात काकांना न्याहारी वाढण्यास हरकत नाही.